पावसात बंद, उन्हात चालू: ईसीयू बदलण्याआधी त्याचं कपलर नीट तपासा

ईसीयू म्हणजे गाडीचं इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि कपलर म्हणजे त्याला वायरी जिथे जोडतात तो सॉकेट. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

रात्रभर पाऊस पडला की सकाळी सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. ऊन पडलं की कोणी हात न लावता गाडी चालू. खड्ड्यात चाक आपटलं की चेक लाईट लागते, कधी गाडी सरळ बंदच पडते, आणि बाजूला घेऊन पुन्हा चावी फिरवली की काही झालंच नव्हतं अशा थाटात चालते. स्कॅनर (ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम दिसतात: क्रँक सेन्सर (पी ०३३५), रेल प्रेशर (पी ०१९३), सेन्सरची पाच व्होल्टची लाईन (पी ०६४१), वर बॅटरी व्होल्टेज कमी (पी ०५६२). कोड पुसून गाडी दिली की थोड्या दिवसांनी तीच गाडी, तेच कोड. सेन्सर नवीन टाकला तरी तेच. मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "कॉम्प्युटर गेला."

ईसीयू आतून जातो, नाही असं नाही. पण पाऊस, धक्का आणि ऊन यांच्या तालावर येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा जोडाचा असतो. म्हणजे ईसीयूच्या कपलरमधली पिन, पिनेला दाबलेली वायर, नाहीतर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट). ईसीयूच्या आतल्या बोर्डावरच्या सोल्डरला बारीक तडा गेला तरी अशीच लक्षणं दिसतात, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. जुन्या बाजारातला ईसीयू आणून लावला तर बहुतेक गाड्या इमोबिलायझरमुळे (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारं कुलूप) चालूच होत नाहीत; मग मूळ दोष राहतो बाजूला आणि नवीनच भानगड सुरू होते.

"कपलर बघितलं, साफ केलं, सगळं ओके आहे," असं गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण सांगतो. माझं म्हणणं इतकंच, की ते बघायची जी रूढ पद्धत आहे तिच्यात हा दोष सापडतच नाही.

बझर वाजला म्हणजे वायर चांगली, असं नसतं

वायरीच्या दोन टोकांना मीटर लावला, बझर वाजला, वायर पास. बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते. पण ओहम मोजताना मीटर वायरीतून जो प्रवाह सोडतो तो मिलिअँपिअरमध्ये, फार तर फार. सेन्सरच्या वायरीत सोळा-एकोणीस बारीक तारा असतात. त्यातली एकच शाबूत राहिली तरी बझर तितक्याच जोरात वाजतो.

हिशेब करून बघा. कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणारं इंजिन) मेन रिलेतून, म्हणजे ईसीयूची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, ईसीयूला येणाऱ्या लाईनवर १० अँपिअरची मागणी धरू. पिनेच्या जोडात ०.३ ओहमचा अडथळा आला, तर ०.३ गुणिले १० म्हणजे ३ व्होल्ट त्या एका जोडातच खर्च झाले. सेल्फ फिरताना बॅटरी १० व्होल्टपर्यंत उतरते, म्हणजे ईसीयूच्या वाट्याला आले ७. एवढ्यावर बरेच ईसीयू रिसेट होतात, नाहीतर इंजेक्टर धड उघडत नाहीत. आणि हे ०.३ ओहम मीटरवर ओळखू येणार नाहीत, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरीच ०.२ ते ०.५ ओहमच्या असतात. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, खात्री पटेल.

सेन्सरच्या बाजूला प्रवाह कमी असतो, तिथे गंमत वेगळी. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. खूप गाड्यांमध्ये येणारा नेहमीचा प्रकार २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशाला ३२० ओहमच्या आसपास दाखवतो. जोडात १०० ओहम वाढले तर थंड इंजिनात काही कळतच नाही. गरम झाल्यावर मात्र ३२० चे ४२० होतात आणि ईसीयूला वाटतं इंजिन ७० अंशांवरच आहे. कोड नाही, लाईट नाही, नुसतं डिझेल जास्त खातं आणि फॅन उशिरा लागतो. अशी गाडी महिनोन्‌महिने "ॲव्हरेज देत नाही" या एका तक्रारीवर फिरत राहते.

पिन खराब होते म्हणजे नेमकं काय होतं

पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि बहुतेकांवर कथिलाचा थर असतो, म्हणजे कल्हईच. काही महत्त्वाच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. इंजिनच्या थरथरीने आणि गरम-गार होण्याने नर आणि मादी पिन एकमेकींवर सतत केसाएवढ्या घासत राहतात. कथिल झिजतं, त्याची काळसर पूड तयार होते, ती पूड वीज धड वाहू देत नाही. पाण्याचा एक थेंबही न लागता पिन अशी मरू शकते. भिंगातून पाहिलं तर संपर्काच्या जागी एक छोटा काळा ठिपका दिसतो, बाकी पिन लख्ख. म्हणून वरवर बघणाऱ्याला ती चांगलीच वाटते.

पाणी शिरलं तर दुसराच मामला. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, तशी पिन हिरवी पडते. त्यातही एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्या पिनेवर बॅटरीचा पॉझिटिव्ह कायम असतो ती सगळ्यात आधी खाल्ली जाते. ओलाव्यातून प्रवाह शेजारच्या पिनेकडे झिरपतो आणि पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळत जातो. गाडी उभी असतानाही हे चालूच असतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ज्या गाड्यांची बॅटरी लगेच सोडवली गेली नाही, त्यांच्या कपलरांचं काय झालं असेल याची कल्पना यावरून करता येईल.

पाणी आत येतं कुठून? कपलरच्या तोंडाचं रबर सील हे सरळ उत्तर, पण तिथून ते तुलनेने कमी येतं. खरे रस्ते हे:

वायर मागून आत जाते तिथलं छोटं सिलिकॉन सील फाटलेलं असतं. किंवा रिकाम्या खाचेतला प्लास्टिकचा बुजवण्याचा खुंट कोणीतरी काढून फेकलेला असतो. अलार्म आणि जीपीएस बसवणाऱ्यांची ही आवडती जागा. किंवा लांब कुठेतरी वायरीचं आवरण फुटलेलं असतं आणि पाणी तारांच्या फटींतून वात जशी तेल ओढते तसं ओढलं जाऊन कपलरपर्यंत पोचतं. कधी ते पाणी नसतं, तेलच असतं. ऑईल प्रेशर स्विच किंवा कॅम सेन्सर आतून गळायला लागला की ऑईल वायरीतून चढत ईसीयूच्या पिनांपर्यंत येतं. ईसीयूचं कपलर काढल्यावर आत ऑईल दिसलं, तर नुसतं पुसून लावू नका. ज्या सेन्सरची ती वायर आहे तो बदलल्याशिवाय ते पुन्हा येणारच.

आणि प्रेशर वॉश. गरम ईसीयूवर गार पाण्याचा झोत बसला की आतली हवा आकसते आणि सीलमधून ओलावा आत खेचला जातो. ईसीयूला श्वास घ्यायला एक बारीक पडदा दिलेला असतो तो यासाठीच, पण तो चिखलाने बुजला की हवा दुसरी वाट शोधते. इंजिन धुवून चकचकीत करून देणाऱ्यांना माझा विरोध नाही, फक्त गाडी गार असू दे आणि झोत ईसीयू व फ्यूज बॉक्सपासून लांब असू दे.

काहीही न उघडता पहिली तपासणी

यासाठी स्कॅनर आणि मीटर एकाच वेळी लागतात. ईएलएम ३२७ छापाचा साधा ब्लूटूथ ॲडाप्टरही चालेल. लाईव्ह डेटात "कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज" नावाची ओळ असते. ईसीयूला स्वतःला किती व्होल्ट मिळतायत ते ती सांगते.

इंजिन चालू करा, हेडलाईट आणि ब्लोअर लावा. मीटर थेट बॅटरीच्या खुंट्यांवर लावा. बॅटरीवर १४.१ आणि स्कॅनरवर १३.९ असेल तर ठीक. ईसीयूच्या आतल्या संरक्षणामुळे थोडा फरक चांगल्या गाडीतही दिसतो. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, किंवा वायरिंग हलवताना आकडा नाचायला लागला, तर रस्ता सापडला. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीवर फरक किती येतो ते बघून वहीत लिहून ठेवा.

आता तो फरक कुठे जातोय ते शोधायचं. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब ईसीयूच्या अर्थ पिनेच्या मागून. मागून म्हणजे वायरीच्या कडेने बारीक सुई सीलमधून अलगद सरकवून. वायरीच्या आवरणाला भोक पाडून नव्हे. इंजिन चालू असताना इथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. जास्त असेल तर बॉडी अर्थचा नट, बॅटरीची क्लॅम्प, इंजिन ते चेसिसची पट्टी, या क्रमाने प्रोब सरकवत जा. पॉझिटिव्हला तेच: लाल बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा ईसीयूच्या सप्लाय पिनेच्या मागून. ०.२ ते ०.३ पर्यंत चालेल. त्याच्या वर गेलं तर फ्यूज, रिलेचे पाय आणि रिले बसतो तो सॉकेट बघा.

सगळ्यात उपयोगी निकाल पुढचा. वायरीच्या मागून दोन्ही बाजूंनी व्होल्टेज उत्तम येतंय, तरी स्कॅनरवरचा आकडा कमी. म्हणजे वीज वायरीपर्यंत आली आणि ईसीयूत पोचली नाही. मधे राहिलं काय? पिन आणि पिनेला वायर जिथे दाबली आहे तो जोड. कपलर न उघडता तुम्ही दोषाच्या इंचभर जवळ आलात.

धोक्याच्या दोन-तीन गोष्टी इथेच सांगतो. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या वायरींत सुई घालायची नाही. कॉमन रेलमध्ये तिथे ५० व्होल्टच्या वर झटका असतो आणि पीझो इंजेक्टर असेल तर १०० च्याही वर. पिवळं कपलर एअरबॅगचं, त्याला मीटर लावायचाच नाही. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलकडे तर बघायचंसुद्धा नाही.

हलवून, तापवून, भिजवून

येणारा-जाणारा दोष तुमच्यासमोर घडला पाहिजे, नाहीतर सगळी अटकळ. लाईव्ह डेटात ज्या सेन्सरचा कोड आला त्याचा आलेख लावा. एका हाताने वायरिंग वीतभर-वीतभर पुढे सरकत हलवा, दुसरा माणूस स्क्रीन बघेल. कपलरच्या मागे वायरी जिथे पहिलं वळण घेतात तिथे विशेष लक्ष द्या; बहुतेक तुटलेल्या तारा त्या चार बोटांतच सापडतात. मग हेअर ड्रायरने कपलर तापवा. मग फवाऱ्याच्या बाटलीने साधं पाणी, थोडंसं, एकेका जागी. बादली ओतली तर सगळंच बंद पडेल आणि कळणार काहीच नाही.

पाच व्होल्टच्या लाईनचा कोड असेल तर एका सेन्सरच्या सॉकेटवर पाच व्होल्ट मोजत त्या लाईनवरचे सेन्सर एक-एक करून सोडवा. एखादा सोडवल्यावर पाच व्होल्ट परत आले तर दोष त्या सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरीत. सगळे सोडवूनही आले नाहीत, तर वायरिंगमध्येच कुठेतरी किंवा ईसीयूच्या कपलरात दोन पिनांमध्ये ओलावा पूल बांधून बसलाय. ईसीयूशी संपर्क तुटल्याचा कोड (यू ०१००) असेल तर बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास हवेत. १२० आले तर कॅन लाईनचं (गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात तिचं) एक टोक कुठेतरी तुटलंय, आणि बऱ्याच गाड्यांत ते एक टोक ईसीयूतच असतं.

मासळीच्या गाडीची गोष्ट

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला मासळी नेणारी एक डिझेल पिकअप आमच्याकडे आली होती. घाटात खड्डा आला की बंद, कोड क्रँक सेन्सरचा. सेन्सर नवा, त्याचं सॉकेट नवं, आणि ईसीयू बदलायचं ठरत आलेलं. "काका, आता हा डबाच बदलून टाका, रोज बर्फ वितळतोय माझा," हे ड्रायव्हरचे शब्द.

सेन्सर ते ईसीयू वायरीचा बझर खणखणीत वाजत होता. ईसीयूचं कपलर काढलं, सेन्सरही सोडवला, आणि त्या सिग्नल वायरीतून ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब पेटवला: एका टोकाला बॅटरीचा पॉझिटिव्ह, दुसऱ्या टोकाला बल्ब, बल्बचं दुसरं टोक अर्थला. चांगल्या वायरीतून हा बल्ब पूर्ण पेटतो; इथे तो निखाऱ्यासारखा लाल, आणि वायर हलवली की गुल. वायर बोटांत धरून ओढली तर कपलरपासून हातभर अंतरावर आवरण रबरासारखं ताणलं गेलं. आत तांबं नव्हतंच, काळी-हिरवी माती होती. त्याच्या जरा वर आवरणाला सुईचं भोक. पूर्वी कधीतरी कोणीतरी टेस्ट लॅम्पची टोकदार सुई वायरीत खुपसून तपासलं होतं आणि भोक तसंच सोडून दिलं होतं. मासळीचं खारं पाणी तिथून आत गेलं. दोष तपासणाऱ्यानेच पेरला होता.

त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात सुईवाला टेस्ट लॅम्प भिंतीवर टांगलेला आहे आणि तिथेच राहतो.

बल्बची ही चाचणी करताना दोन्ही टोकं सुटी हवीत, ईसीयू वायरीला जोडलेला नको. नाहीतर बारा व्होल्ट सरळ त्याच्या पोटात जातील. सेन्सरच्या बारीक वायरींना ५ वॅट (साधारण ०.४ अँपिअर), पॉवर आणि अर्थच्या जाड वायरींना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब (पावणेदोन अँपिअर). ईसीयू काढल्यावर मेन रिले ओढत नाही, कारण बहुतेक गाड्यांत त्याला ईसीयूच अर्थ देतो. त्यामुळे सप्लाय पिनेवर काहीच येत नाही म्हणून घाबरू नका. रिले वेगळा ओढवून मग तपासा.

कपलर उघडताना

चावी काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. चावी काढल्यावरही ईसीयू काही वेळ जागा असतो, आकडे साठवत असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. रेडिओचा कोड वगैरे आधी मालकाला विचारून घ्या. चावी चालू ठेवून हे कपलर कधीही ओढायचं नाही.

कपलरभोवतीचा चिखल आधी ब्रशने झाडा, नाहीतर तोच आत पडेल. खटक्याची दांडी पूर्ण फिरली की कपलर आपोआप वर येतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटावं लागत असेल तर काहीतरी अडलंय. मोबाईलने फोटो काढा, पुढून आणि मागून. पिनांचे नंबर प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात आणि समोरून व मागून ते आरशासारखे उलटे दिसतात. चुकीच्या पिनेवर तपासणी करून चुकीचा निष्कर्ष काढणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम.

मादी पिनेत मीटरचा प्रोब घुसवायचा नाही. प्रोब जाड, पिनेचे ओठ नाजूक. एकदा फाकले की ती पिन पुढे कायम ढिली. त्याऐवजी भंगारातल्या वायरिंगमधून त्याच मापाची नर पिन काढून तिला वीतभर वायर लावून ठेवा. हीच पिन मोजायलाही वापरायची आणि पकड बघायलाही. एकेका खाचेत ती हलकेच घाला आणि ओढा. चांगली पिन थोडी धरून ठेवते. एखादीत ती सरसर आत-बाहेर झाली, तर तीच गुन्हेगार, मग ती कितीही चकचकीत असो. मागून वायर हलकी ओढूनही बघा: पिनेचं कुलूप मोडलेलं असेल तर कपलर लावताना ती मागे सरकते आणि बाहेरून काही कळत नाही.

साफसफाई: काय चालतं, काय नाही

हलका ओलावा आणि हलका हिरवटपणा असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ नायलॉनचा बारीक ब्रश, आणि नंतर हवा किंवा ड्रायर मंद आचेवर. बस्स.

पॉलिश पेपर, कानस, ब्लेड चालणार नाही. ते हिरवं काढतं आणि सोबत कल्हईही काढतं. उघडं तांबं महिन्याभरात पुन्हा काळं. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांनी तांब्याची भांडी घासा. कपलरात राहिलेलं आम्ल मागे वायरीत शिरून काम करत राहतं. पेट्रोलने रबर सील फुगतं. पाणी हटवणारा घरगुती निळ्या डब्यातला स्प्रे वाटेत अडकलेल्याला घरी पोचवायला ठीक आहे, पण तो उपाय नाही. त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते.

ग्रीसबद्दल गैरसमज फार. सिलिकॉनचं डायलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहत नाही. ते सीलवर आणि कपलरच्या कडेला पातळ लावायचं, पाणी अडवायला. खाचा भरून कोंबलं तर कपलर पूर्ण बसत नाही, आत हवा अडकते. आणि साधं बेअरिंगचं ग्रीस तर अजिबात नको.

हिरवं खोलवर गेलं असेल, पिनेवर खड्डे पडले असतील, प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर साफ करत बसू नका. ती पिन बदला. साफ केलेली खड्डेवाली पिन म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं बुकिंग.

पिन बदलणे

कपलरमध्ये पिना अडवणारी एक जादा पट्टी असते, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाची. ती आधी सरकवायची, मग टर्मिनल काढायच्या पात्याने पिनेचं जिभाळं दाबून वायर मागून हलकी ओढायची. ही पाती ऑनलाईन स्वस्तात मिळतात. आमच्याकडे छत्रीची काडी ठोकून केलेलं पातंही आहे आणि खरं सांगायचं तर तेच जास्त चालतं. पट्टी न सरकवता ओढाओढ केली तर कपलरचं प्लास्टिकचं घर फुटतं, आणि ईसीयूच्या कपलरचं नुसतं घर मिळवणं म्हणजे दारोदार फिरणं.

नवी पिन जुन्याच मापाची आणि जुन्याच मुलाम्याची हवी. ईसीयूच्या बाजूला सोनेरी पिन आणि तुमची पांढरी, असा संसार टिकत नाही. कथिल आणि सोनं घासलं की झीज वेगाने होते. वायर सोलल्यावर तांबं लालसर चमकदार दिसलं पाहिजे. काळं दिसलं तर आणखी मागे कापा, पुन्हा काळं असेल तर आणखी मागे. चांगलं तांबं लागेपर्यंत. ही पायरी गाळली की बाकी सगळं काम फुकट, कारण काळ्या तांब्यावर दाब बसत नाही आणि सोल्डरही धरत नाही. सिलिकॉनचं सील वायरीवर आधी ओवायचं. पिन दाबून झाल्यावर आठवण आली तर पिन कापावी लागते.

दाबायला पक्कड नको, योग्य मापाचं क्रिम्पिंग टूल हवं. पिनेला दोन जोड्या कान असतात: पुढचे उघड्या तारांवर, मागचे सील किंवा आवरणावर. पुढच्या कानांत आवरण अडकता कामा नये आणि मागच्या कानांनी सील चिरता कामा नये. दाबून झालं की वायर बऱ्यापैकी जोरात ओढून बघा. वर सोल्डर लावायचा मोह टाळा. सोल्डर तारांमधून वर चढतो, वायर तिथे काडीसारखी ताठ होते आणि थरथरीने बरोबर त्या ताठ भागाच्या टोकाला तुटते.

वायरीचा नवा तुकडा जोडायचा असेल तर तोच जाडपणा, शक्यतो तोच रंग. जोड क्रिम्पचा, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी. नुसती काळी टेप पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. अनेक वायरी जोडायच्या असतील तर जोड एकाच ठिकाणी न आणता पुढे-मागे ठेवा. कॅनच्या किंवा क्रँक सेन्सरच्या पीळ दिलेल्या वायरी असतील तर पीळ परत द्या. उलगडलेला भाग बोटभरापेक्षा जास्त नको.

परत बसवताना

रिकाम्या खाचा बुजवा. वायरिंग कपलरमधून निघाल्यावर आधी खाली झुकून मग वर जाईल असं बांधा, म्हणजे वाहणारं पाणी खालच्या वळणावरून टपकेल, कपलरकडे जाणार नाही. वायरींना ताण नको, पण लोंबकळूही देऊ नका. ईसीयूपासून वीतभर अंतरात एक क्लिप हवी. मूळ क्लिप तुटलेली असते आणि तिचं कोणाला काही वाटत नाही, पण थरथर पिनेपर्यंत पोचू न देण्याचं काम तीच करते. उंदरांनी कुरतडलेलं दिसलं तर जाळीदार नळीवर अवलंबून राहू नका, गाडी उभी राहते ती जागा बदला किंवा रोज बॉनेट उघडून बघा. डांबरगोळ्यांवर माझा विश्वास नाही.

बॅटरी जोडा, कोड पुसा, आणि सुरुवातीची तीच चाचणी पुन्हा करा: बॅटरीवरचा आकडा आणि स्कॅनरवरचा आकडा, हेडलाईट आणि ब्लोअर लावून. मग वायरिंग हलवा, फवारा मारा, रस्त्यावर खड्ड्यातून घाला. दोन्ही आकडे आणि तारीख मालकाच्या बिलावर लिहून द्या. पुढच्या वेळी गाडी आली तर फरक वाढलाय की तेवढाच आहे हे बघता येतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आल्यावर जवळजवळ सगळ्या नव्या पेट्रोल स्कूटर-बाईक इंजेक्शनवर गेल्या, त्यांनाही ईसीयू आहे. तिथे कपलर लहान, जागा सीटखाली किंवा पुढच्या पॅनलमागे, बाकी कहाणी हीच. फक्त बॅटरी लहान असल्यामुळे बॅटरीच कमकुवत आहे का ते आधी बघा.

आणि ईसीयूच्या बाजूची पिनच खाल्ली गेली असेल तर? कपलरमधली पिन आपण बदलू शकतो, ईसीयूच्या अंगातली नाही. पिन मधून तुटली असेल किंवा मुळाशी हिरवी असेल, तर बोर्डाचं काम करणाऱ्याकडे द्या. तो दुसऱ्या ईसीयूवरून सॉकेट काढून बसवू शकतो आणि आतला मूळ डेटा तसाच राहतो, त्यामुळे चाव्या जुळवायची कटकट नाही. डबा चिकटवलेला असतो, तो घरी कात्रीने उघडायला जाऊ नका. देताना वायरिंगच्या बाजूची दुरुस्ती आधी पूर्ण करा आणि त्या पिनेच्या वायरीवर बल्बची चाचणी पुन्हा घ्या, नाहीतर दुरुस्त होऊन आलेला ईसीयू त्याच हिरव्या कपलरमध्ये पुन्हा जाऊन बसेल.